ज्येष्ठत्व : पद की प्रकृती?

आपल्याकडे घरी आलेल्या पाहुण्याला मुलांची ओळख करून देताना नावाआधी क्रम सांगण्याची रीत आहे. 'हा आमचा थोरला', 'ही मधली', 'आणि हे शेंडेफळ'. त्या एका शब्दाबरोबर स्वभावाचा दाखलाही न मागता मिळतो. थोरला समंजस, मधली हट्टी, शेंडेफळ लाडावलेले. असे ठोकताळे घरच्या ओसरीवर आहेत तोवर त्यांच्याविरुद्ध कोणी गाऱ्हाणे मांडू नये. परंतु गेल्या दीडशे वर्षांत या ठोकताळ्यांवर शास्त्राचा शिक्का उमटविण्याचे पुष्कळ प्रयत्न झाले आहेत. भीतीच्या, संकटाच्या, मनावर ताण पडण्याच्या प्रसंगी माणूस कसा वागेल हे त्याच्या जन्मक्रमावरून सांगता येते, हा अशा प्रयत्नांतून निघालेला एक सिद्धान्त. तो कसा जन्मला, कसा वाढला आणि तपासणीच्या वेळी त्याचे काय झाले, याची हकीकत आज आपणांपुढे ठेवावयाची आहे.

माझ्यासारख्या शासकीय नोकराने मानसशास्त्राच्या प्रांतात शिरण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण घडले ते एका पावसाळ्यात. नोकरीच्या आरंभीची वर्षे होती. नदीला पूर आलेला, गावे वेढली गेलेली, आणि रात्रपाळीला नियंत्रण कक्षात बसविण्यासाठी दोघा तरुण सहकाऱ्यांतून एकाची निवड मला करावयाची होती. दोघेही सारखेच नवे, सारखेच हुशार. एका अनुभवी गृहस्थांनी सल्ला दिला, "थोरल्याला बसवा. घरातल्या शेंडेफळाला ताण सोसत नाही. हे आता शास्त्रानेच सांगितले आहे." मी थोरल्याला बसविले. काम नीट पार पडले आणि सल्ला खरा ठरला असे सर्वांनी मानले. पुढे पुष्कळ दिवसांनी माझ्या ध्यानात आले की, तो खरा ठरला नव्हता. त्याची परीक्षाच झाली नव्हती. ज्याला त्या खुर्चीवर बसू दिलेच नाही, तो तेथे कसा वागला असता हे कोणी सांगावे? मग ते शास्त्र तरी काय म्हणते हे पाहण्याची इच्छा झाली, आणि पाहू जाता मौज अशी आढळली की, मूळ शास्त्रीय दावा नेमका उलटा होता.

त्या दाव्याकडे वळण्यापूर्वी एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. ज्येष्ठत्वाचा विचार आपल्या प्राचीनांनीही केला आहे. पण तेथे भर स्वभावापेक्षा अधिकारावर आणि कर्तव्यावर आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात दायविभागाची चर्चा आहे. वडिलांच्या धनातून ज्येष्ठाला विसावा, मधल्याला चाळिसावा आणि धाकट्याला ऐंशीवा भाग 'उद्धार' म्हणून वेगळा द्यावा, असे तेथे सांगितले आहे; आणि त्याबरोबरच ज्येष्ठाने धाकट्या भावांचे पित्याप्रमाणे पालन करावे, असा भारही त्याच्यावर टाकला आहे. ही विभागणी आज आपण न्याय्य मानणार नाही. परंतु तिच्यातील दृष्टी स्पष्ट आहे. ज्येष्ठत्व हे पद आहे. पदाबरोबर लाभ येतो आणि जबाबदारीही येते. 'दादा' आणि 'ताई' या हाका म्हणजे एका परीने त्या पदांचीच नावे होत. पद एक आणि प्रकृती दुसरी. युरोप-अमेरिकेत जे शास्त्र उभे राहिले त्यात ही सीमारेषा हळूहळू पुसत गेली.

या शास्त्राचा आरंभ सामान्यतः फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज पंडितापासून धरतात. इ. स. १८७४ मध्ये त्याने इंग्लंडातील वैज्ञानिकांविषयी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. रॉयल सोसायटीच्या सभासदांकडे लांबलचक प्रश्नावल्या पाठवून त्याने त्यांच्या घराण्यांची, शिक्षणाची आणि स्वभावांची माहिती गोळा केली होती. तीत त्याला असे दिसले की, एकुलते एक आणि ज्येष्ठ पुत्र यांचे प्रमाण अपेक्षेहून बरेच अधिक आहे. गॉल्टनने याची कारणे दिली तीही पाहण्यासारखी आहेत. ज्येष्ठ पुत्राला वारशाने पैसा मिळतो, म्हणून तो आपल्या आवडीच्या मागे लागू शकतो; आईबाप त्याला बरोबरीच्या नात्याने वागवितात; आणि बाळपणी त्याच्याकडे अधिक लक्ष दिले जाते. म्हणजे ही सारी कारणे पदाची होती. इंग्लंडात जमीनजुमला थोरल्याकडे जाण्याची चाल होती, तिचेच हे फळ. गॉल्टन स्वतः नऊ भावंडांतील सर्वांत धाकटा होता आणि त्याला लिहावाचावयास शिकविले ते थोरल्या बहिणीने, हेही या ठिकाणी नमूद करावयास हरकत नाही.

पदाकडून प्रकृतीकडे पाऊल पडले ते व्हिएन्नात. आल्फ्रेड ॲडलर हा प्रथम फ्रॉइडच्या मंडळातला. १९११ साली तो त्यातून बाहेर पडला आणि त्याने आपले स्वतंत्र मानसशास्त्र उभारले. मुलाची घडण होते ती घरातील त्याच्या स्थानावरून, असे त्याचे म्हणणे. पहिले अपत्य म्हणजे काही काळ एकछत्री राज्य करणारा राजा. दुसरे मूल जन्मास येताच तो पदच्युत होतो, आणि गेलेल्या सत्तेची हळहळ त्याच्या मनात जन्मभर राहते. दुसरे मूल नेहमी कोणाच्या तरी पुढे जाण्यासाठी धावत असते. शेवटचे लाडावते. ही चित्रे मोठी मोहक आहेत आणि वाचणाऱ्या प्रत्येकाला त्यांत आपले घर दिसते. परंतु ॲडलरने गणती केली नव्हती. त्याच्याकडे येत ते मनाने त्रासलेले लोक. जे थोरले सुखात होते ते त्याचा दरवाजा ठोठावण्यास कशाला जातील? आणि ज्याचा थोरल्या भावाशी लहानपणी सामना चालत असे असा ॲडलर स्वतः दुसरा मुलगा होता, हेही विसरता येत नाही.

गणतीची ही उणीव भरून काढली ती अमेरिकेतील स्टॅन्ली शाख्टर याने. मिनेसोटा विद्यापीठात त्याने केलेले प्रयोग १९५९ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले, आणि जन्मक्रम व भीती यांची सांगड शास्त्रीय वाङ्मयात पक्की बसली ती तेव्हापासून. प्रयोगाची मांडणी नाटकासारखी होती. विद्यार्थिनींना एका खोलीत बोलावीत. पांढरा डगला घातलेला, जाड चौकटीचा चष्मा लावलेला, खिशातून स्टेथोस्कोप लोंबत असलेला एक गृहस्थ 'डॉक्टर ग्रेगोर झिलस्टाइन' असे नाव सांगे. त्याच्या मागे विजेच्या यंत्रांचा पसारा. काही मुलींना तो गंभीरपणे सांगे की, तुम्हांला विजेचे धक्के द्यावयाचे आहेत आणि ते चांगलेच झोंबतील. इतरांना तो हसतमुखाने म्हणे की, नुसत्या गुदगुल्या होतील. मग यंत्रे जुळविण्यास दहा मिनिटे लागतील असे सांगून तो विचारी : हा वेळ तुम्ही एकट्या बसाल की इतर मुलींच्या सोबत? एवढे उत्तर घेतले की प्रयोग संपे. धक्का कोणालाच देत नसत.

घाबरलेल्या मुलींपैकी सुमारे त्रेसष्ट टक्के मुलींनी सोबत मागितली. न घाबरलेल्यांपैकी तेहतीस टक्क्यांनी. भय माणसाला माणसाकडे ओढते, हा पहिला निष्कर्ष. त्यात नवल नाही. आपण तो अंधाऱ्या वाटेवर रोज सिद्ध करीत असतो. पुढे याच तऱ्हेच्या आकड्यांची शाख्टरने जन्मक्रमानुसार मांडणी केली, तेव्हा असे दिसले की, घाबरविलेल्या मुलींपैकी ज्येष्ठ व एकुलत्या मुलींतील सुमारे दोन तृतीयांश सोबत मागतात, आणि पाठच्या मुलींतील जेमतेम एक तृतीयांश. त्याचा खुलासा असा : पहिलटकरीण आई अननुभवी असते. मूल जरा रडले की ती धावते. त्यामुळे दुःख झाले की कोणीतरी जवळ येते आणि दुःख शमते, हा धडा पहिले मूल पाळण्यातच शिकते. तिसऱ्या-चौथ्या मुलाच्या वेळी आईचे हात कामात असतात. ते मूल आपले आपणच गप्प राहावयास शिकते.

कल्पना सुरेख आहे. म्हणूनच ती थोडी थांबून तपासली पाहिजे. प्रयोगातील मुली एका विद्यापीठातल्या. गट केले की एकेका गटात काही डझन. आणि मोजले काय, तर दहा मिनिटे सोबत हवी की नको एवढेच. सोबत हवीशी वाटणे म्हणजे ताण न सोसणे नव्हे; संकटात शेजाऱ्याला हाक मारणारा माणूस शहाणाही असू शकतो. पुढे इतरांनी हा प्रयोग करून पाहिला तेव्हा स्त्रियांत कधी तो कल दिसला, कधी नाही. पुरुषांत तर तो सातत्याने दिसेना. परंतु तोवर गोष्ट प्रयोगशाळेबाहेर पडली होती. कोरियाच्या युद्धात शत्रूची पाच वा अधिक विमाने पाडणाऱ्या अमेरिकन वैमानिकांत ज्येष्ठ अपत्ये कमी आढळतात, ही आकडेवारी शाख्टरने आधारास घेतली होती : ज्येष्ठ भितो, म्हणून एकट्याने लढताना मागे पडतो. थोड्याच वर्षांत अमेरिकेच्या अंतराळवीरांत ज्येष्ठ अपत्यांचाच भरणा आहे अशी वार्ता पसरली, आणि तिचाही खुलासा त्याच सिद्धान्ताच्या घरून निघाला : ज्येष्ठ जबाबदार, म्हणून त्याची निवड होते. जो ज्योतिषी पाऊस पडला तरी बरोबर आणि न पडला तरी बरोबर, त्याच्या पंचांगाविषयी शंका घेणे हे पापच का मानावे?

शंका घेणारे निघालेही. त्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता : ज्येष्ठांची तुलना कोणाशी केली? समजा, एका गावात शंभर कुटुंबे आहेत. पन्नास कुटुंबांत दोन-दोन मुले, पन्नासांत सहा-सहा. ज्येष्ठ अपत्ये शंभर. त्यांतली निम्मी लहान कुटुंबांतली. पाठची मुले तीनशे. त्यांतली अडीचशे मोठ्या कुटुंबांतली. आता बहुधा लहान कुटुंबे अधिक शिकलेली आणि खाऊनपिऊन सुखी असतात. मग थोरल्यांची पाठच्यांशी तुलना करणारा पंडित नकळत सुखवस्तूंची तुलना गरिबांशी करीत असतो, आणि जो फरक दारिद्र्याने घडविला त्याचे श्रेय जन्मक्रमाला देऊन मोकळा होतो. शाख्टर स्वतः सावध संशोधक होता. पण त्याच्या मागून जी शेकडो टिपणे निघाली त्यांपैकी बहुतेकांनी एवढीही खबरदारी घेतली नाही.

दुसरी चूक याहून सूक्ष्म आहे. नव्याने वसलेल्या एखाद्या सरकारी वसाहतीची कल्पना करा. नवविवाहित जोडपी राहावयास आली आहेत. पाच-सहा वर्षांनी तेथील शाळेच्या पहिल्या वर्गात पाहावे तर जिकडे तिकडे पहिलीच अपत्ये. पाहणाराने निष्कर्ष काढावा की, ज्येष्ठ अपत्यांना शिक्षणाची ओढ असते! ज्या काळात विवाह वाढतात त्या काळात थोरल्यांची पिढी मोठी होते. पुढे धाकट्यांची पाळी येते. प्राइस आणि हेअर या दोघांनी १९६९ साली ब्रिटनमध्ये आणि कार्मी स्कूलर याने १९७२ साली अमेरिकेत हे दोष उघड करून दाखविले. स्कूलरने तर आपल्या लेखाच्या मथळ्यातच सांगून टाकले की, जन्मक्रमाचे परिणाम 'इथे नाहीत, आता नाहीत!'

पुढे १९८३ साली स्वित्झर्लंडमधील सेसिल अर्न्स्ट व ज्यूल्स आंग्स्ट यांनी १९४६ ते १९८० पर्यंतचे यासंबंधीचे सारे वाङ्मय चाळून काढले. शिवाय झुरिकमधील ७,५८२ तरुणांची स्वतः पाहणी केली. कुटुंबाचे आकारमान आणि सांपत्तिक स्थिती यांचा हिशेब चुकता केला की, स्वभावावर जन्मक्रमाचा म्हणण्यासारखा परिणाम उरत नाही, असा त्यांचा निवाडा. मग इतकी वर्षे इतक्या लोकांना तो दिसला कसा? कचेरीत काम केलेल्या माणसाला याचे उत्तर अवघड वाटू नये. ज्या चौकशीत काही निष्पन्न होते तिचा अहवाल वर जातो. ज्या चौकशीत काहीच निष्पन्न होत नाही ती दप्तरी दाखल होते. शास्त्राचेही असे एक दप्तर असते. त्यातली कपाटे उघडल्याशिवाय टेबलावरच्या अहवालांची किंमत करता येत नाही.

अर्थात् वादाला पुनः तोंड फुटले. फ्रँक सलोवे या इतिहासकाराने १९९६ साली एक जाडजूड ग्रंथ लिहून असे प्रतिपादिले की, इतिहासातले बंडखोर बहुधा धाकटे आणि व्यवस्थेचे रक्षक बहुधा थोरले. सहा भावंडांतला पाचवा असलेला डार्विन हा त्याचा आवडता दाखला. इतिहासातून निवडलेल्या माणसांवर असा सिद्धान्त उभारणे धोक्याचे, असे आक्षेप तेव्हाच आले. खरा निर्णय मोठ्या आकड्यांनीच होणार होता आणि तो २०१५ साली झाला. युलिया रोहरर व तिचे सहकारी यांनी अमेरिका, ब्रिटन व जर्मनी या तीन देशांतील २०,१८६ व्यक्तींची माहिती तपासली. एकाच घरातील भावंडांची आपसांत तुलना केली आणि निरनिराळ्या घरांतील समान स्थितीच्या मुलांचीही केली. मनाचे स्थैर्य, म्हणजे चिंता आणि ताण यांना तोंड देण्याची धाटणी, हा त्यांनी मोजलेला एक गुण होता. त्यात जन्मक्रमाचा परिणाम आढळला नाही. त्याच वर्षी डेमियन व रॉबर्ट्स यांनी सुमारे ३,७७,००० अमेरिकन विद्यार्थ्यांच्या माहितीवरून दाखविले की, जो संबंध दिसतो तो इतका क्षीण आहे की, दोन माणसे समोर बसवून तो डोळ्यांना दिसणे शक्य नाही. चर्चेचे दार अगदी बंद झाले असे मी म्हणणार नाही. २०२४ च्या अखेरीस कॅनडातील दोघा संशोधकांनी नम्रता आणि सहकार्यवृत्ती यांत मधली व धाकटी मुले किंचित पुढे असल्याचे मांडले. पण त्यातलाही बराच वाटा भावंडांच्या संख्येचाच ठरतो.

मग जन्मक्रमाला काहीच अर्थ नाही काय? आहे, आणि तो जेथे आहे तेथेच पद व प्रकृती यांचा भेद उजळून निघतो. नॉर्वेत सैन्यभरतीच्या वेळी तरुणांची बुद्धिमापन चाचणी होत असे. क्रिस्टेनसेन व ब्येरकेदाल यांनी २००७ साली अशा २,४१,३१० तरुणांचे गुण तपासले, तेव्हा पहिल्या मुलांचे सरासरी गुण दुसऱ्यांहून सुमारे २.३ ने अधिक भरले. अंतर लहान, पण खरे. आता गंमत पुढेच आहे. ज्या दुसऱ्या मुलाचे थोरले भावंड तान्हेपणीच वारले होते, त्याचे गुण पहिल्या मुलांइतकेच होते. म्हणजे तो पोटातून दुसरा आला, पण घरात पहिला म्हणून वाढला. आणि गुण त्याला घरातल्या स्थानाचे मिळाले, जन्माच्या क्रमाचे नव्हे. ज्येष्ठत्व ही रक्तातली गोष्ट असती तर असे घडते ना.

आणि आपल्या देशात तर हा प्रश्न पाठ्यपुस्तकातला राहत नाही, तो पानात वाढलेल्या अन्नापर्यंत पोचतो. भारतातील मुलांची उंची आफ्रिकेतील कित्येक गरीब देशांतील मुलांपेक्षा कमी का, या कोड्याचा सीमा जयचंद्रन व रोहिणी पांडे यांनी शोध घेतला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात असे दिसते की, ज्येष्ठ पुत्रांत ही तूट नाही. ती दुसऱ्या अपत्यापासून सुरू होते आणि क्रमाबरोबर वाढत जाते. आणि पुत्राच्या अपेक्षेत जन्मलेल्या मुलींच्या वाट्याला ती विशेष येते. येथे जन्मक्रम बोलतो आहे खरा, पण तो निसर्गाच्या आवाजात नव्हे. वाटपाच्या, पंक्तिप्रपंचाच्या आवाजात तो बोलतो. जे आपण केले ते आपल्याला पालटता येते. ज्याला आपण 'स्वभावच' म्हणून हात जोडतो ते मात्र तसेच राहते. चुकीच्या शास्त्राचा खरा तोटा हा आहे. ते थोरल्याच्या धैर्याविषयी चार खोट्या गोष्टी सांगते, त्या सोसता येतील; पण धाकटीच्या ताटातील उणीव तेवढ्यात नजरेआड होते.

इतके असूनही घरोघरी हा समज टिकून आहे, याचे कारण प्रत्येक आईबाप त्याचे प्रत्यक्ष साक्षीदार असतात. थोरली दहा वर्षांची आणि धाकटा पाचांचा. अंधाराला थोरली भीत नाही, धाकटा भितो. आई म्हणते, पहिल्यापासूनच ही धीट! पण ती तुलना करीत असते दहाची पाचाशी. थोरली पाचाची असताना पदराआड कशी लपत होती याची आठवण बुजलेली असते. आणि धाकटा दहाचा होतो तेव्हा थोरली पंधराची झालेली असते. हे अंतर घरात कधीच मिटत नाही. म्हणून वयाचा फरक हाच स्वभावाचा फरक म्हणून गळी उतरतो.

त्या पावसाळ्यातील दोघांपैकी ज्याला मी मागे ठेवले, त्याच्याविषयी माझ्या मनात कोणताही निष्कर्ष नाही, आणि नसावा हेच योग्य. त्याला ताण सोसला असता की नसता हे त्याच्या घरातील क्रमावरून मला कळण्याजोगे नव्हते. एक रात्र त्याला तेथे बसविले असते म्हणजे कळले असते. त्यानंतर माणसे निवडण्याचे प्रसंग मला पुष्कळ आले. कोणाला विचारावयाचे ते त्याच्या कामाविषयी विचारतो. घरात तू कितवा, हा प्रश्न पाहुण्याने चहा घेताना विचारावा. त्याचे उत्तर निवडीच्या कागदावर लिहिण्याचे कारण नाही.